पूर्वजांच्या आठवणीतली चॉक्टॉ मणीजाळीची कॉलर: मोजणीपासून शेवटच्या गाठीपर्यंत

अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळनिवासी जमातीच्या बायका सणाच्या पोशाखावर गळ्याभोवती काचेच्या बारीक मण्यांची जाळीदार कॉलर घालतात. ती शिकताना लोक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात. मणी आणले, सुई ओवली, पहिली ओळ घातली आणि मग नक्षी कुठे बसवायची याचा विचार सुरू केला. तोवर उशीर झालेला असतो. पायाच्या ओळीतली मण्यांची संख्या एकदा ठरली की सगळी नक्षी तिच्याच आधाराने चालते. मला येणाऱ्या प्रश्नांतला मोठा भाग 'कॉलर अर्धी झाली, पण मधली नक्षी मध्ये येत नाही' असाच असतो. त्यावर इलाज एकच, पूर्ण उसवणं. म्हणून इथे तयारीला जास्त जागा दिली आहे.

हा लेख ज्यांच्या घरात चॉक्टॉ सून, जावई किंवा नातवंडं आहेत अशा मराठी कुटुंबांसाठी आहे. टेक्सस-ओक्लाहोमाच्या बाजूला राहून हे काम शिकणाऱ्यांसाठी आहे. तसंच ज्यांना जाळीचं तंत्र शिकून आपल्या घरच्या माणसांसाठी काही करायचं आहे त्यांच्यासाठीही आहे.

टप्पा १: आधी कुणासाठी, मग कशाचं

कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: कॉलर कोण घालणार, ती कुणाच्या आठवणीत आहे आणि कुठल्या पोशाखावर बसणार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून घ्यायचं. चॉक्टॉ समाजात कुळ परंपरेने आईकडून चालत आलं आहे. त्यामुळे आजी, पणजी, खापरपणजी या ओळीने विचारत गेलात तर माणसं मोकळेपणाने बोलतात. नावांची स्पेलिंग जुळली नाहीत तर गोंधळू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डॉज (Dawes) नोंदवहीत, म्हणजे सरकारने केलेल्या जमातीच्या सदस्यांच्या यादीत, आणि घरातल्या कागदांत एकाच बाईचं नाव वेगवेगळं लिहिलेलं सापडू शकतं. ज्या नावावर घरच्यांचं एकमत नाही ते कॉलरमध्ये धरू नका.

रंगांबाबत एक आग्रहाची विनंती. 'लाल म्हणजे अमुक, काळा म्हणजे तमुक' अशा इंटरनेटवरच्या याद्या बाजूला ठेवा. अमेरिकेतल्या शेकडो वेगवेगळ्या जमातींच्या कल्पना त्यांत एकत्र कालवलेल्या असतात. आजीचा आवडता रंग कोणता होता, तिच्या पोशाखाला कुठल्या रंगाची पट्टी होती, हे विचारा. तेच उत्तर खरं.

सावध: जुन्या कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. १९२० च्या आधीच्या बहुतेक फोटोंच्या काचा आणि फिल्म लाल रंगाला प्रतिसादच देत नसत. त्यामुळे लाल कापड जवळजवळ काळं उमटे आणि निळं फिकट, कधी पांढरट दिसे. फोटोतली 'काळी' पट्टी लाल असण्याची शक्यता मोठी आहे. फोटो दाखवून माणसाला विचारा.

टप्पा २: नक्षी आणि तिची मर्यादा

चॉक्टॉ पोशाखावरची सर्वांत ओळखीची नक्षी म्हणजे टोकावर उभा समभुज चौकोन. आपण त्याला शंकरपाळीचा आकार म्हणतो, म्हणून पुढे मी 'शंकरपाळी' हाच शब्द वापरते. हा आकार पाठीवर अशीच नक्षी असलेल्या खुळखुळ्या सापावरून आला आहे आणि त्या सापाबद्दलचा आदर त्यात आहे. पोशाखाच्या कडेला शिवलेल्या पट्ट्यांवर तो पूर्ण किंवा अर्धा दिसतो. जाळीचं घर, म्हणजे मण्यांच्या मधली मोकळी जागा, मुळातच शंकरपाळीसारखं असल्यामुळे कॉलरमध्ये तो सहज बसतो.

तुमच्या घराचं चॉक्टॉंशी नातं नसेल तर तंत्र शिकायला काहीच हरकत नाही. मण्यांची जाळी जगात अनेक ठिकाणी विणली जाते आणि सौराष्ट्रातल्या मोतीकामातही ती आहे. पण एखाद्या चॉक्टॉ घराण्याची विशिष्ट कॉलर मणी मोजून उतरवून घेऊ नका. ती त्या घराची आठवण आहे.

विकायचा विचार असेल तर हे आधी वाचा. अमेरिकेत १९९० चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अ‍ॅक्ट लागू आहे. मान्यताप्राप्त जमातीचा सदस्य नसलेल्या किंवा जमातीने कारागीर म्हणून प्रमाणित न केलेल्या माणसाने केलेली वस्तू 'नेटिव्ह' किंवा 'चॉक्टॉ' बनावटीची म्हणून विकणं, किंवा तसा समज होईल अशा शब्दांत मांडणं, हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्यात व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कौतुकाने लिहिलेलं ऑनलाइन वर्णनही यात अडकू शकतं. बाहेरच्या माणसाने अशी कॉलर विकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हवी असेल तर चॉक्टॉ कारागिराकडून विकत घ्यावी.

टप्पा ३: सामान

मणी: ११/० मापाचे काचेचे बारीक मणी, म्हणजे सुमारे २ मि.मी. जाडीचे. जपानी मणी जास्त एकसारखे असतात आणि चेक मणी किंचित चपटे. दोन्ही चालतात, पण एका कॉलरमध्ये मिसळू नका. एका ग्रॅममध्ये साधारण ११० मणी येतात. इथे दिलेल्या कॉलरला जवळपास ४,००० मणी लागतात, म्हणजे ३६ ग्रॅमच्या आसपास. पार्श्वभूमीचा रंग ५० ग्रॅम एकदमच घ्या. त्याच क्रमांकाची पुढची पुडीही छटेत वेगळी निघते आणि जोड दिसतो.

दोरा: मण्यांसाठीचा नायलॉन दोरा, 'डी' जाडीचा. मासे पकडायच्या गळाच्या दोरीसारखा विणलेला दोरा मजबूत असतो, पण त्याची जाळी थोडी ताठ राहते. गळ्यावर पडणाऱ्या कॉलरला मला नायलॉनच आवडतो. शिवणाचा सुती दोरा मण्याच्या कडेने झिजून तुटतो, तो वापरू नका.

सुई: मणीकामाची १० किंवा १२ नंबरची. १२ नंबरची अधिक बारीक असते आणि एकाच मण्यातून दोरा तीनदा न्यायचा असेल तेव्हा तीच उपयोगी पडते.

याशिवाय मधमाशांचं मेण, लहान टोकदार पक्कड, सेंटिमीटरची टेप, न फिसकटणारा खरबरीत कपडा आणि दोन कड्यांचा हूक.

तपासा: प्रत्येक रंगाचे दहा-बारा मणी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पांढऱ्या फडक्यावर घासा. आणखी काही मणी कागदाखाली अर्धे झाकून पंधरा दिवस खिडकीतल्या उन्हात ठेवा. रंग उतरला किंवा उडाला तर तो मणी बाद. गुलाबी आणि जांभळे मणी इथे हमखास फसवतात, कारण त्यांतले बरेच वरून रंगवलेले असतात. पुढच्या पिढीला द्यायच्या वस्तूत ते नकोत.

मग मणी निवडा. जाडे, पातळ, तिरप्या भोकाचे बाजूला काढा. हे कंटाळवाणं काम टाळलं की जाळीची घरं वेडीवाकडी होतात आणि दोष आपण हाताच्या ताणाला देत बसतो.

टप्पा ४: नमुना आणि मोजणी

सरळ कॉलर सुरू करू नका. आधी ४१ मण्यांचा पाया घेऊन चार ओळींचा तुकडा विणा. त्यावरून दोन गोष्टी कळतात: तुमच्या हाताचा ताण आणि एका इंचात तुमचे किती मणी बसतात. साधारण १८ ते १९ बसतात, पण ती संख्या तुमच्या पुडीवर मोजा.

आता शब्द ठरवून घेऊ. पायाच्या ओळीत दर चौथा मणी हा 'सांधमणी', ज्यातून पुढची ओळ जोडली जाते. दोन सांधमण्यांच्या मध्ये तीन साधे मणी. खाली लोंबणारा प्रत्येक फेरा म्हणजे 'कमान' आणि कमानीचा मधला मणी हा पुढच्या ओळीचा सांधमणी.

पायाचं सूत्र: कमानींची संख्या गुणिले ४, अधिक १.

कमानींची संख्या विषम ठेवा. सगळी चूक इथे होते. सम संख्या घेतली तर पहिल्या ओळीत बरोबर मध्ये सांधमणी येत नाही, दोन कमानींमधली फट येते, आणि मधली शंकरपाळी एका बाजूला सरकते. आपण ७३ कमानी घेऊ. ७३ × ४ + १ = २९३ मणी. गळ्याला हे सुमारे ४० सेंमी होतात. गळा मोठा असेल तर ७९ घ्या. सहाच्या टप्प्याने वाढवलं की दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी शंकरपाळी सुटण्याइतकीच जागा वाढते, आणि बारांनी वाढवलं की दोन पूर्ण शंकरपाळ्या वाढतात.

रुंदीचा हिशोब: गोल कॉलर सपाट बसायची तर रुंदी १ सेंमी वाढली की बाहेरचा घेर सुमारे ६.३ सेंमी वाढला पाहिजे. म्हणून प्रत्येक ओळीत तेवढेच मणी घेऊन चालत नाही. आपल्या सात ओळींच्या कमानीत मणी असे:

पहिली आणि दुसरी ओळ: ५
तिसरी आणि चौथी: ७
पाचवी आणि सहावी: ९
सातवी: ११

याने ३ ते ३.५ सेंमी रुंदीची कॉलर होते. मणी कमी पडले तर बाहेरची कडा वर उचलली जाते. फार जास्त घेतले तर घर मोठे होऊन नक्षी विरते.

टप्पा ५: नक्षी कागदावर

ओळीच्या टोकाला वळताना प्रत्येक ओळीत एक कमान कमी होते: ७३, ७२, ७१, ७०, ६९, ६८, ६७. हे बरोबरच आहे. कॉलरचं तोंड मागे मानेवर उघडतं आणि तिथे किंचित तिरपं होतं.

एका शंकरपाळीत सांधमण्यांची रचना वरून खाली १, २, ३, २, १ अशी. प्रत्येक ओळीत नक्षीचे सांधमणी या क्रमांकाच्या कमानींत येतात आणि मग दर सहा कमानींनी पुन्हा:

पहिली ओळ: ७
दुसरी: ६ आणि ७
तिसरी: ५, ६ आणि ७
चौथी: ५ आणि ६
पाचवी: ५

सहावी आणि सातवी ओळ पार्श्वभूमीच्या रंगाची.

अशा पूर्ण ११ शंकरपाळ्या बसतात. रचना दोन्ही टोकांकडून सारखीच मोजली जाते, त्यामुळे एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून विणली तरी हेच आकडे चालतात. नुसते सांधमणी नक्षीच्या रंगाचे घेतले तर शंकरपाळी ठिपक्यांची दिसते. भरीव हवी असेल तर दोन रंगीत सांधमण्यांना जोडणारे मणीही त्याच रंगाचे घ्या.

तिसऱ्या ओळीतला मधला मणी, म्हणजे ६, १२, १८ असा ६६ पर्यंतचा, हा शंकरपाळीचा डोळा. पूर्वज इथे येतात. मधला, ३६ वा, ज्यांच्या आठवणीत कॉलर आहे त्यांचा. तिथून एका बाजूला पाच डोळे आईच्या घराण्याचे, दुसऱ्या बाजूला पाच वडिलांच्या घराण्याचे, अशी मांडणी सोयीची पडते. ही माझी सुचवण आहे, रूढी नव्हे. घरच्यांनी वेगळी सांगितली तर ती घ्या. नावं तीनच ठाऊक असतील तर तीनच डोळे वेगळ्या रंगाचे घ्या. बाकीचे शंकरपाळीच्याच रंगाचे राहू द्या. मोकळी जागा भरून काढायला नाव रचू नका. पुढे कुणाला माहिती मिळाली तर नोंदीत भर घालता येते.

तपासा: तिसऱ्या ओळीत ७१ कमानी आहेत. मधला डोळा दोन्हीकडून ३६ वा आला पाहिजे. येत नसेल तर कागदावरच चूक शोधा.

टप्पा ६: पाया

दोरा हातभर-हातभर ओढून ताणून घ्या, म्हणजे नंतर सैल पडणार नाही. मग मेण लावून बोटांतून ओढा. पाया दुहेरी दोऱ्यावर ओवायचा. टोकाला ३० सेंमी दोरा सोडून एक अडमणी बांधा. हा नंतर काढायचा असतो. सांधमणी, तीन साधे, सांधमणी, तीन साधे, या क्रमाने २९३ मणी ओवा. शेवटचा मणी सांधमणीच आला पाहिजे.

सांधमणी किंचित वेगळ्या छटेचा घेतलात तर मोजणी सोपी जाते. नवशिक्यांनी हे जरूर करावं.

आता दोरा हुकाच्या कडीतून दोनदा फिरवा आणि २९३ व्या मण्यातून परत आत आणा. दुसऱ्या टोकाची कडी अडमणी काढल्यावर सोडलेल्या दोऱ्याने बसवा. मणी अगदी घट्ट दाबू नका. दोन-तीन मि.मी. जागा राहिली पाहिजे, नाहीतर पाया ताठ होऊन गळ्यावर वळत नाही.

तपासा: पाया गळ्याभोवती धरून बघा, शक्यतो पोशाखाच्या कॉलरवर. आणि मणी पुन्हा मोजा, या वेळी दुसऱ्या माणसाकडून.

टप्पा ७: जाळी

१. एकेरी दोरा घ्या, दोन्ही हात पसरून होतो तेवढा. त्याहून लांब दोरा गुंततो आणि झिजतो. २९३ व्या मण्यातून बाहेर पडून दोन साधे, एक सांधमणी, दोन साधे असे पाच मणी घ्या. पायातले तीन मणी सोडून पुढच्या सांधमण्यातून सुई काढा. एक कमान झाली.

२. अशा ७३ कमानी. सातव्या, तेराव्या, एकोणिसाव्या कमानीत नक्षीचा सांधमणी घालत ६७ व्यापर्यंत जा.

३. टोकाला वळायचं. शेवटच्या सांधमण्यातून बाहेर आल्यावर शेजारच्या दोऱ्याभोवती अर्धी गाठ घ्या आणि त्याच मण्यातून परत या. मग नुकत्याच केलेल्या कमानीच्या बाजूचे मणी उतरत तिच्या मधल्या मण्यातून बाहेर पडा. पुढची ओळ इथून सुरू होते.

४. दुसरी ओळ: पुन्हा पाच मणी, आणि सुई पुढच्या कमानीच्या मधल्या मण्यातून. पुढे ठरल्याप्रमाणे ७, ७, ९, ९, ११.

सावध: वळताना अर्धी गाठ विसरली तर दोरा आल्या वाटेने परत निघतो आणि शेवटची कमान ओघळते. दोन-तीन ओळी पुढे गेल्यावरच ते लक्षात येतं.

दोरा संपत आला की सुमारे १५ सेंमी राहिला असतानाच थांबा. तो आधीच्या कमानींतून फिरवून दोन-तीन ठिकाणी अर्ध्या गाठी द्या. नवा दोरा तसाच आणा आणि जुना जिथून बाहेर होता तिथूनच काढा. मण्याच्या भोकात गाठ जाऊ देऊ नका. भोक बुजलं की पुढच्या ओळीची सुई जात नाही आणि जोर लावला तर मणी फुटतो. नक्षीच्या सांधमण्यापाशी दोरा जोडू नका.

तपासा, प्रत्येक ओळीनंतर: कमानी मोजा. कॉलर टेबलावर गोलाकार पसरा. कडा उचलली गेली आहे का? नक्षीचे मणी वरच्या दोन मण्यांच्या बरोबर मध्ये आहेत का? ही मोजणी कंटाळा न करता सातही वेळा करा. तिसऱ्या ओळीत दिसलेली चूक एका बैठकीत उसवता येते, सहाव्या ओळीनंतर दिसलेली नाही.

एखाद्या कमानीत जास्तीचा मणी गेला असेल तर उसवायची गरज नाही. भोकात जाड सुई दाबून मणी आतून फोडा, म्हणजे तुकडे दोऱ्यापासून बाहेर उडतात. पक्कडीने बाहेरून दाबलात तर काच दोरा कापते. डोळ्यांवर चष्मा आणि मण्यावर फडकं हवंच. मणी कमी असेल तर मात्र उसवणं हाच मार्ग.

टप्पा ८: शेवट

सातवी ओळ झाली की दोऱ्याची टोकं जाळीत तिरकी फिरवून तीन अर्ध्या गाठी द्या आणि मगच कापा. मेणबत्तीने टोक जाळू नका, शेजारचा दोराही वितळतो. मग पायातून आणखी एक दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. कॉलरचा सगळा भार पायावर असतो आणि तुटतो तेव्हा तोच तुटतो.

दोन दिवस कॉलर सपाट पसरून ठेवा. मग घालून आरशात बघा. मधली शंकरपाळी छातीच्या हाडाच्या रेषेत हवी. जरा सरकलेली असेल तर बहुतेक वेळा हूक एका बाजूला जास्त लांब बसलेला असतो. तेवढाच दुरुस्त करा.

मिसिसिपीतला चॉक्टॉ मेळा जुलैत असतो आणि ओक्लाहोमातल्या टुश्काहोमाचा उत्सव सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीला. यांपैकी कुठे घालायची असेल तर किमान तीन महिने आधी पाया ओवा. शेवटच्या आठवड्यात घाईने विणलेल्या ओळींचा ताण वेगळा पडतो आणि तो दिसतो.

टप्पा ९: नोंद आणि सांभाळ

जाड, आम्ल नसलेल्या कागदावर लिहून कॉलरबरोबर ठेवा: कोणी विणली, कुणासाठी, कोणत्या वर्षी, कोणता डोळा कुणाचा, माहिती कुणी सांगितली. मण्यांचा क्रमांक आणि दोऱ्याचा प्रकारही लिहा. तीस वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला तेच लागतं. चार-सहा जादा मणी प्रत्येक रंगाचे कागदी पुडीत घालून सोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते.

कॉलर कधीही खिळ्याला किंवा हँगरला टांगून ठेवू नका, वजनाने वरच्या कमानी लांबतात. सुती कापडात सपाट ठेवा. अत्तर, स्प्रे, केसांचं तेल आधी, कॉलर नंतर. घालून आल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. घाम लागला असेल तर फडकं किंचित ओलं करा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका. वर्षातून एकदा पायाचा दोरा टोकांपाशी, कडीजवळ, बोटाने चाचपून बघा. तिथे तो केसाळ झाला असेल तर तुटायच्या आधी नवा दोरा घाला.

नोंदीच्या कागदाची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, शक्यतो ज्या मुलीकडे पुढे कॉलर जाणार आहे तिच्याकडे, आणि डोळ्यांचा क्रम तिला कॉलर हातात घेऊन दाखवा.